लसीचे आयुष्य आणि पहिले चोवीस तास

कावीळ हा आपल्या भाषेतला फार जुना आणि तितकाच फसवा शब्द आहे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली की ती कावीळ. मग तिचे कारण दूषित पाणी असो, दारूने पोखरलेले यकृत असो, की रक्तावाटे शिरलेला विषाणू असो. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची होती. अशी पाण्याची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. ती ओसरत असतानाच रुग्ण कावीळ उतरविणाऱ्याकडे गेलेला असतो आणि श्रेय त्याच्या पदरात पडते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, गळ्यातली माळ दिवसेंदिवस लांबत जाते, आणि पाहणाऱ्यांची खात्री पटते. गिरणाकाठच्या आमच्या कळवण तालुक्यातच नव्हे, तर उभ्या महाराष्ट्रात हा प्रकार सुशिक्षितांच्या घरांतही चालतो.

'कावीळ ब' ही या सगळ्यांहून निराळी. ती पाण्यातून येत नाही. रक्त, निर्जंतुक न केलेली सुई, शरीरसंबंध आणि प्रसूतीच्या वेळी आई, या वाटांनी येते. पुष्कळदा तिच्यात डोळे पिवळे होतच नाहीत. अर्भकपणी शिरलेला विषाणू तीस-चाळीस वर्षे यकृतात मुक्काम करतो आणि माणूस ऐन कर्तेपणात असताना सिऱ्हॉसिसच्या किंवा यकृताच्या कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात, २०२२ साली भारतात असा विषाणू बाळगणाऱ्यांची संख्या सुमारे तीन कोटी असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांतील बहुसंख्य लोकांना आपल्याला काही झाले आहे याची गंधवार्ताही नाही.

या रोगावर लस आहे आणि ती उत्तम आहे. परंतु अलीकडे तिच्याविषयी जो प्रश्न वारंवार कानी पडतो, तो असा, की ही लस टिकते किती वर्षे? विहिरीवरच्या मोटारीची हमी किती वर्षांची, या चालीवर तो विचारला जातो. प्रस्तुत लेखक ज्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो, तेथेही मध्यंतरी काही मंडळी शिबिराचा प्रस्ताव घेऊन आली होती. लहानपणी घेतलेल्या लसीची शक्ती पाच वर्षांत संपते, सबब सर्व विद्यार्थ्यांनी 'बूस्टर' टोचून घ्यावा, आणि पुढे दर पाच वर्षांनी घेत जावा, असे त्यांचे म्हणणे. दर अर्थातच सवलतीचा होता. वैद्यक हा या लेखकाचा प्रांत नव्हे; परंतु पैसा कशावर खर्च करावा आणि कशावर करू नये, हा प्रश्न त्याच्या विषयाचाच आहे. म्हणून या पाच वर्षांच्या हिशेबाचा मागोवा घेणे त्याला अगत्याचे वाटले.

लस गरिबाच्या दारी कशी आली

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकी संशोधक बरूक ब्लुम्बर्ग हे निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील आनुवंशिक भेद शोधीत असताना, एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अपरिचित प्रथिन आढळले. १९६५ साली त्यांनी ते 'ऑस्ट्रेलिया अँटिजन' या नावाने प्रसिद्ध केले. ते काविळीच्या या विषाणूचे बाह्य कवच होते, हे पुढे उलगडले. १९७६ साली ब्लुम्बर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक कावीळ दिन म्हणून पाळला जातो.

पहिली लस १९८१ साली अमेरिकेत मान्य झाली. ती विषाणूवाहक माणसांच्याच रक्तद्रवातून हे कवच वेगळे काढून बनविलेली होती. १९८६ साली तेच कवच यीस्टकडून तयार करवून घेण्याची युक्ती साधली आणि माणसाच्या रक्तावरचे अवलंबन संपले. शास्त्राचा प्रश्न सुटला. अर्थशास्त्राचा सुटला नाही. परदेशी लसीच्या एकेका मात्रेला कित्येक शे रुपये पडत, आणि मात्रा तीन. म्हणजे त्या काळी शेतमजुराच्या घरात चार मुले असतील, तर त्यांच्या लसीकरणाला त्याची काही महिन्यांची मजुरी पुरली नसती.

हे चित्र पालटले ते हैदराबादच्या वरप्रसाद रेड्डी यांनी १९९३ साली स्थापन केलेल्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेमुळे. १९९७ साली या संस्थेने देशात बनविलेली लस बाजारात आणली, आणि किंमत ठेवली मात्रेला पन्नास रुपयांच्या घरात. पाठोपाठ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह इतर भारतीय उत्पादक उतरले. स्पर्धेने किंमत कशी खाली येते याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल. सरकारी कार्यक्रमात ही लस २००२ च्या सुमारास काही शहरांतील झोपडपट्ट्या व निवडक जिल्हे यांत प्रायोगिक स्वरूपात आली. २००७-०८ मध्ये ती दहा राज्यांत गेली, त्यांत महाराष्ट्र होता. आणि २०११ नंतर साऱ्या देशात. आज जन्मतःच एक मात्रा, आणि नंतर सहा, दहा व चौदा आठवड्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हिब यांच्यासमवेत पेंटाव्हॅलंट लसीतून तीन मात्रा, असा क्रम आहे. हे सर्व विनामूल्य.

या तारखांवरून एक गोष्ट सहज लक्षात येते. महाराष्ट्रात सरकारी खर्चाने ही लस मिळालेली पहिली पिढी आज अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या बाकांवर बसलेली आहे. त्यांच्यातल्याच काही मुली परिचारिकेच्या शिक्षणासाठी नाशिकला निघाल्या आहेत. लस टिकते किती, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नाही.

चाळीतला कांदा आणि घरचे उळे

लस टोचल्यावर शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि ती रक्तात मोजता येतात. लिटरला दहा आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक प्रतिपिंडे असली, तर माणूस सुरक्षित, असे माप ठरलेले आहे. आता या प्रतिपिंडांचा साठा काळानुरूप घटतो, हे निर्विवाद. तान्हेपणी लस घेतलेल्या मुलांत तो अधिक वेगाने घटतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तपासणी केली, तर त्यांतल्या पुष्कळांची प्रतिपिंडे दहाच्या खाली गेलेली आढळतात. शिबिरवाल्यांचा सारा युक्तिवाद या एका निरीक्षणावर उभा आहे, आणि निरीक्षण खोटे नाही. चूक आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात.

शेतकऱ्याच्या घरातले उदाहरण घेऊ. उन्हाळ कांदा चाळीत भरला की तो महिन्यागणिक घटतो; काही सडतो, काहीला कोंब फुटतात, काही विकला जातो. दिवाळीपर्यंत चाळीचा तळ दिसू लागतो. म्हणून या घरातले कांद्याचे पीक संपले, असे कोणी म्हणत नाही. कारण फडताळात राखलेले घरचे उळे असते, आणि रोप कसे टाकावे, लागण केव्हा करावी हे हाताला ठाऊक असते. रक्तातली प्रतिपिंडे म्हणजे चाळीतला कांदा. लसीने शरीरात निर्माण केलेल्या स्मृतिपेशी म्हणजे उळे. रक्ताची चाचणी चाळ मोजते. उळे मोजत नाही.

अर्थात उळे असले तरी पीक हाती यायला अवधी लागतो, आणि तेवढ्या अवधीत शत्रूने घर लुटले तर उळ्याचा उपयोग काय? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर या विषाणूच्या स्वभावात आहे. गोवर किंवा इन्फ्लुएन्झासारखा तो झटपट काम उरकणारा नाही. शरीरात शिरल्यापासून रोगाची लक्षणे दिसेपर्यंत त्याला साधारणतः दोन ते पाच महिने लागतात. स्मृतिपेशी जाग्या होऊन नवी प्रतिपिंडे तयार करतात ती मात्र काही दिवसांत. विषाणू सावकाश चालतो आणि पहारेकरी लवकर उठतो. या दोन वेगांतील फरकामुळेच चाळ रिकामी असूनही घर सुरक्षित राहते. सगळ्याच लसींना हे भाग्य लाभलेले नाही. धनुर्वाताच्या मात्रा मधूनमधून घ्याव्या लागतात, म्हणून याही घ्याव्यात, हे तर्कशास्त्र म्हणूनच टिकत नाही.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? सर्वांत दीर्घ निरीक्षण अलास्कामधले आहे. तेथील मूळ रहिवाशांत ही कावीळ फार होती. १९८१ साली नैर्ऋत्य अलास्कातल्या पंधरा खेड्यांतील १,५७८ लोकांना, मुले आणि प्रौढ मिळून, त्या पहिल्या लसीच्या तीन मात्रा देण्यात आल्या, आणि तेव्हापासून त्यांचा पाठपुरावा चालू राहिला. तीस वर्षांनंतर त्यांतले जे लोक तपासले गेले, त्यांच्यापैकी निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ५१ टक्के, लोकांच्या रक्तात दहा एककांवर प्रतिपिंडे शिल्लक होती. उरलेल्यांना एक मात्रा टोचून पाहिली, तेव्हा त्यांच्यातल्या ८८ टक्के लोकांच्या शरीराने पुन्हा प्रतिपिंडे उभी केली, उळे रुजले. दोन्ही मिळून सुमारे ९४ टक्के लोक तीस वर्षांनंतरही सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. पस्तीस वर्षांनंतरच्या पाहणीत हा अंदाज सुमारे ८६ टक्क्यांवर आला.

दुसरा पुरावा तैवानचा. तेथे जवळजवळ दर दहा मुलांमागे एक मूल विषाणूवाहक होते. जुलै १९८४ पासून तेथे वाहक मातांच्या अर्भकांना आणि दोन वर्षांनी सर्वच अर्भकांना लस सुरू झाली. वीस वर्षांत मुलांमधील वाहकांचे प्रमाण दहातल्या एकावरून शंभरातल्या सुमारे एकावर आले. एवढेच नव्हे, तर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१-८६ मध्ये लाखाला ०.७० होते, ते १९९०-९४ मध्ये ०.३६ वर उतरले. एका लसीने कर्करोग घटल्याची ही जगातली पहिली ठळक नोंद. ही मुले मोठी होत गेली तसतशी त्यांची प्रतिपिंडे घटत गेली. परंतु त्यांच्यात काविळीचा नवा उद्रेक झाला नाही.

या साऱ्याचा विचार करून २००० साली युरोपातील तज्ज्ञांच्या एका गटाने, ज्यांनी तीन मात्रा पूर्ण घेतल्या आहेत आणि ज्यांची प्रकृती सामान्य आहे त्यांना बूस्टरची गरज नाही, असे मत 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. जागतिक आरोग्य संघटनेची २०१७ ची भूमिकाही तीच आहे. त्याआधी ब्रिटनसारख्या देशातही आरोग्यसेवकांना पाच वर्षांनी एक मात्रा देण्याची पद्धत दीर्घकाळ होती. आपल्याकडील 'दर पाच वर्षांनी' हा मंत्र त्या जुन्या सावधगिरीचाच अवशेष असावा. मूळ गावी देवस्थान उठले तरी येथे नवस चालूच आहेत.

येथे एक सावधगिरी आपणही बाळगली पाहिजे. ही लस आजन्म पुरते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. कारण ती घेतलेल्या पहिल्या माणसांनाच अजून अर्धशतक झालेले नाही. एका मात्रेने उळे न रुजणारे काही जण प्रत्येक पाहणीत निघतात, आणि वर्षे जातात तसे त्यांचे प्रमाण वाढते, हे अलास्काच्या आकड्यांतूनच दिसते. लस घेतलेल्यांच्या रक्तात विषाणूशी गाठ पडल्याच्या खुणा कधीकधी सापडतात. परंतु त्यांतले जवळजवळ सगळे आजारी पडलेले नसतात, आणि कायमचे वाहक झालेले तर अतिशय विरळा. लसीने वचन दिले होते ते याच गोष्टीचे. विषाणू उंबऱ्याला शिवणारच नाही असे नव्हे, तर घरात बिऱ्हाड करणार नाही, असे.

काहींसाठी नियम वेगळा आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस चालू आहे, त्यांची प्रतिपिंडे दर वर्षी तपासून दहाच्या खाली गेल्यास मात्रा द्यावी लागते. एचआयव्हीमुळे किंवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती खचलेल्यांचीही गोष्ट निराळी. या लोकांनी वरील विवेचनावर विसंबू नये. आपल्या वैद्याचे ऐकावे.

न रुजलेली लस

लस किती वर्षे टिकते, यापेक्षा ती मुळात रुजली का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तान्ही बाळे, मुले आणि तरुण यांच्यात तीन मात्रांनंतर शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण सुरक्षित होतात. चाळिशीनंतर हे प्रमाण नव्वदच्या खाली येते. साठीत पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत. धूम्रपान, लठ्ठपणा यांनी ते आणखी घटते. दंडाऐवजी कुल्ल्यावर टोचल्यास, लस स्नायूत न जाता चरबीत राहून तिचा प्रभाव कमी होतो. लहान बाळाला मांडीवर आणि मोठ्याला दंडावर, हा नियम त्यासाठी आहे.

आणि आणखी एक कारण आहे, जे शीतपेटीत दडलेले असते. लस म्हटली की थंड ठेवावी, आणि जितकी थंड तितकी बरी, असा एक सार्वत्रिक समज आहे. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राखायची असते. तिला उष्णता काही प्रमाणात सहन होते. गोठणे मुळीच सहन होत नाही. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारावर लसीचे कण चिकटलेले असतात. गोठल्यावर त्यांची गुठळी होते आणि लस निकामी होते. पुन्हा वितळल्यावर ती बाटली साध्या नजरेला चांगलीच दिसते. बाटलीवरची, रंग पालटणारी खूण उष्णतेची चहाडी करते, थंडीची करीत नाही. हलवून ठेवल्यावर गाळ किती लवकर बसतो हे पाहण्याची एक परीक्षा आहे, आणि प्रशिक्षित सेविकेला ती ठाऊक असते. पण भल्या पहाटे, बर्फाच्या ताज्या कांड्यांनी भरलेला डबा खांद्याला लावून पाड्यावर निघालेल्या माणसाच्या डब्यात काय घडते, हे पाहणारा कोणी नसतो. ती बर्फकांडी बाहेर काढून, तिला घाम सुटेपर्यंत, आतले पाणी हलू लागेपर्यंत थांबायचे असते. ती पाऊण तासाची सबुरी, तीस वर्षांच्या संरक्षणाइतकी मोलाची आहे. बूस्टरच्या जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो, कारण सबुरी विकता येत नाही.

मात्रा कोणाच्या वाट्याची

आता हिशेबाकडे वळू. या विषाणूचा एक विलक्षण नियम आहे. तो प्रौढाच्या शरीरात शिरला, तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण त्याला हुसकावून लावतात. एक ते पाच वर्षांच्या मुलात शिरला, तर सुमारे तीस टक्के मुले कायमची वाहक होतात. जन्मतःच शिरला, तर नव्वद टक्के. म्हणजे धोक्याचा सारा भार आयुष्याच्या पहिल्या काही तासांवर एकवटलेला आहे. ज्या वाहक मातेच्या रक्तात विषाणू जोमात असतो, तिच्या दहांपैकी सात ते नऊ बाळांना, काहीच उपाय न केल्यास, तो लागतो. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा दिली, तर यातली बहुसंख्य बाळे वाचतात. दोन दिवसांनी, चार दिवसांनी दिली तर लाभ उतरत जातो. सहा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंटमधून मिळणारी मात्रा या कामाला येत नाही, कारण तोवर चोर आत शिरून बसलेला असतो.

आमच्याच महाविद्यालयाचे उदाहरण, केवळ हिशेबासाठी, घेऊ. समजा, सहाशे विद्यार्थी आहेत आणि बूस्टरची मात्रा शंभर रुपयांना पडते. म्हणजे साठ हजार रुपये. या साठ हजारांतून विकत काय घेतले? ज्यांच्यातले बहुतेक आधीच सुरक्षित आहेत, आणि विषाणूशी गाठ पडलीच तर ज्यांच्यातल्या जवळजवळ सर्वांचे शरीर तो झटकून टाकील, अशा वयाच्या मुलांसाठी थोडीशी अधिक निश्चिंती. अर्थशास्त्रात ज्याला सीमांत उपयोगिता म्हणतात, ती येथे शून्याला टेकलेली आहे. तोच पैसा नवजात अर्भकाच्या एका वेळेवरच्या मात्रेवर खर्च झाला, तर त्याची उपयोगिता तीस-चाळीस वर्षांनी एका कर्त्या माणसाच्या रूपाने हाती येते. परंतु शिबिराचा ग्राहक बोलका असतो, पालक पैसे भरतात, फलकावर छायाचित्र येते. चोवीस तासांच्या बाळाला ना खिसा, ना आवाज. बाजाराने त्याच्याकडे पाठ फिरवावी यात नवल नाही. सार्वजनिक व्यवस्था असते ती त्यासाठीच.

आणि व्यवस्था काही थोडी झालेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होतात. कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, पाड्यापाड्यांवर आशा कार्यकर्ती आहे. एक पिढीपूर्वी कनाशी-दळवटच्या पुढे रात्री वाहन मिळणे हीच मोठी गोष्ट होती. आज रुग्णवाहिकेला दूरध्वनी करता येतो. मात्र सरासरी ही मोठी लबाड संख्या आहे. राज्याचे ९५ टक्के झाले, तरी उरलेले पाच टक्के राज्यभर सारखे विखुरलेले नसतात. सुरगाण्याच्या सरहद्दीकडच्या डोंगरांत, अक्कलकुव्याच्या सातपुड्यात, मेळघाटात, म्हणजे नेमके जेथे पावसाळ्यात ओहोळ वाट अडवितो आणि दाईच्या हातांवरच मूल जन्मते, तेथे ते साचलेले असतात. घरी जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत कोण आणि कसे टोचणार, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

दवाखान्यात जन्मूनही मात्रा चुकते, तेव्हा तर कारण आणखी विचित्र असते. लसीची बाटली दहा मात्रांची. रविवारी रात्री एकच बाळंतीण, एकच मूल. एका बाळासाठी बाटली फोडली तर नऊ मात्रा वाया जातील, वरिष्ठ जाब विचारतील, या धास्तीने कर्मचारी सोमवारची वाट पाहतात. वस्तुतः नियमाप्रमाणे उघडलेली बाटली योग्य तपमानात व निर्जंतुक राखली, तर चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. आणि समजा नऊ मात्रा खरोखरच वाया गेल्या, तरी त्यांची किंमत एका वाहकाच्या जन्मभराच्या उपचारापुढे ती काय! काटकसर आणि कृपणता यांत फरक असतो. सरकारी साठा-नोंदवहीला तो समजत नाही.

२००० नंतरच्या दशकात आपल्या काही डॉक्टरांनी सर्व बालकांना ही लस देण्यालाच विरोध केला होता, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. वाहकांचे आकडे फुगवलेले आहेत, आणि गरीब देशाने हा पैसा आधी इतर लसींवर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे. लस महाग होती तोवर त्यात तथ्य होते. तिची किंमत कोसळल्यावर तो वाद आपोआप निकाली निघाला. त्यांची मूळ वृत्ती, प्रत्येक लसीचा हिशेब मागण्याची, मात्र बूस्टरच्या बाबतीत आज उपयोगी पडावी.

याचा अर्थ मोठ्यांना धोका नाही, असा घेऊ नये. २००९ साली गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा परिसरात या काविळीने अनेकांचे बळी घेतले. वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हापुन्हा वापरल्याचा तो परिणाम होता. आमच्याकडे सप्तशृंगीच्या चैत्री यात्रेत गोंदणाऱ्याचे यंत्र एका दंडावरून दुसऱ्या दंडावर फिरते, तेव्हा सुई बदलली का, हे विचारण्याचे भान कितीजणांना असते? ज्या प्रौढाने ही लस कधीच घेतलेली नाही, आणि तिशीच्या पुढचे बहुतेक ग्रामीण लोक यातच मोडतात, त्याने तीन मात्रा घेणे शहाणपणाचे आहे. ज्याने तीन घेतल्या आहेत, त्याला चौथीची घाई नाही.

राहिला प्रश्न परिचारिका होऊ घातलेल्या मुलींचा. त्यांना पुढे रोज सुयांशी खेळायचे आहे. विषाणूवाहकाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या हाताला लागली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत असू शकते. अशा व्यवसायात शिरणाऱ्यांसाठी नियम स्पष्ट आहे. मात्रा पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी एकदा प्रतिपिंडे तपासावीत. ती दहाच्या वर आली, तर निरोगी व्यक्तीला पुन्हा तपासणीही नको आणि बूस्टरही नको. न आली, तर तीन मात्रांचा क्रम पुन्हा द्यावा. त्यानंतर निम्म्याहून अधिक लोक मार्गी लागतात.

तान्हेपणी लस घेतलेल्या मुलीची मात्र येथे एक अडचण होते. सतरा वर्षांनी तिचे रक्त तपासले आणि प्रतिपिंडे दिसली नाहीत, तर दोन शक्यता उरतात. एक तर लस मिळाली होती आणि चाळ तेवढी रिकामी झाली, किंवा लस मिळालीच नव्हती. रक्ताच्या त्या एका चाचणीला हा भेद कळत नाही. तो कळतो फक्त कागदावरून. तीन मात्रांची नोंद हाती असेल, तर एक मात्रा देऊन महिन्याने पाहिले की पुरते. नोंद नसेल, तर पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. आमच्या वर्गांत चौकशी केली, तेव्हा लसीकरणाचे कार्ड घरी असल्याचे सांगणारे थोडेच निघाले. कुणाचे पावसात भिजले, कुणाचे घर बदलताना गेले, कुणाची आई द्राक्षांच्या कामावर दिंडोरीकडे असताना कुठल्या केंद्रावर टोचून घेतले, हेच घरात कुणाला आठवत नाही.

प्रत्येक प्राथमिक शाळेत एक जनरल रजिस्टर असते आणि ते कायम जपले जाते. पन्नास वर्षांपूर्वीचा दाखलाही त्यातून निघतो. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी, म्हणजे कार्ड अजून घरात सापडत असते त्या वयात, जन्मतारीख आणि जात यांच्या शेजारी लसींच्या तारखांसाठी आणखी एक रकाना त्यात आखता येईल. त्यासाठी शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरेल.